थंड डबा, कोमट बाटली

१

"थांब, हलू नकोस. आत कोण बोलतंय ते ऐकू दे."

आईचा हा आवाज मला अजून ऐकू येतो. मी लहान, पोट दुखतंय म्हणून गुडघे छातीशी घेऊन पडलेली, आणि तिचा गार कान माझ्या बेंबीपाशी. ती ऐकायची, मान डोलवायची, आणि आतल्या मंडळींचं भांडण मिटवत असल्यासारखी हळूच गुणगुणायची,

पोटाच्या घरात, किती पाहुणे राहाती,
नाही कडी, नाही पाटी, माझ्या बाळासंगं खाती.

पुढे मी आहारतज्ज्ञ झाले, कॅन्सरच्या इस्पितळात लागले, आणि आईचं गाणं शास्त्राला धरून होतं हे मला तिथे कळलं. आपल्या आतड्यांत कोट्यवधी जिवाणू नांदतात. आपल्या जेवणात त्यांचा वाटा असतो. त्या बदल्यात ते पचनाला हातभार लावतात, आतड्याचं अस्तर सांभाळतात, आगंतुकाला दारातूनच हाकलतात. कॅन्सरची जबर औषधं आणि सोबतची अँटिबायोटिक्स रोगाशी लढता लढता या बिचाऱ्यांचीही वस्ती उठवतात. मग माणूस रोगातून सावरतो आणि पोटानं बेजार होतो.

म्हणून आमच्याकडे एक अभ्यास चालू होता. उपचार सुरू होण्याआधी, पोट धड असताना, पेशंटची विष्ठा घ्यायची. ती गाळून, नळीत भरून डीप फ्रीजरमध्ये जपायची. उपचार संपले, आतलं घर उजाड झालं, की त्याचेच पाहुणे त्याच्याकडे परत धाडायचे. हे ऐकणारा आधी नाक मुरडतो, मग हसतो, मग खुर्ची पुढे ओढून विचारतो, "खरंच?"

त्या सकाळी फ्रीजरवाली माझ्या खोलीत आली. प्रयोगशाळेतल्या त्या फ्रीजरची जबाबदारी तिच्यावर. कुणी त्याचं दार जरा जास्त वेळ उघडं ठेवलं तर थंडी जणू तिलाच वाजते. ती बसली आणि माझ्या टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या सफरचंदाकडे बघत राहिली.

"पंचांची नळी," ती म्हणाली.

"फुटली?"

"नाही. जागेवर आहे. नाव बरोबर, शिक्का बरोबर. फक्त आत पंच नाहीत."

२

पंच म्हणजे फुटबॉलचे निवृत्त पंच. त्यांना सगळा वॉर्ड त्याच नावानं ओळखायचा. गळ्यात शिट्टी, उशाखाली पिवळं आणि लाल कार्ड. नर्सनं शीर शोधताना दुसऱ्यांदा सुई टोचली की पिवळं. संडासला जायची घाई झाली की शिट्टी. मग काकू, म्हणजे त्यांची बायको, धावत यायच्या. "अहो, शिट्टी नको! सगळे पेशंट दचकतात!"

"दचकू देत. घाई माझी आहे."

त्यांचा रोग मागे हटला होता. पोट मात्र हटून बसलं होतं. घासभर खाल्लं तरी टिकत नव्हतं, गालांची हाडं वर आली होती. मी एकदा विचारलं होतं, काय खावंसं वाटतं? ते म्हणाले, "काय ते महत्त्वाचं नाही. घरच्या टेबलावर सगळ्यांबरोबर बसायचं आणि मध्येच उठून न पळता जेवण पूर्ण करायचं. बस. पूर्ण वेळ खेळायचंय मला."

तो दिवस त्या नळीवर अवलंबून होता. देण्याआधीचा नियम म्हणून, पहिल्या भेटीत काडीवर घेतलेल्या छोट्या नमुन्याशी नळी ताडून पाहिली, आणि दोन्ही जुळेनात.

मोठे डॉक्टर कपाळाला हात लावून बसले होते. "प्रयोगशाळेत अदलाबदल झाली असेल तर पंचांची नळी दुसऱ्या कुणाच्या नावाखाली पडून आहे. मग एकाही नळीचा भरवसा नाही. सगळा फ्रीजर बंद ठेवावा लागेल."

"माझ्या हातून अदलाबदल झाली नाही," फ्रीजरवाली म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं, पण पदर खोचावा तसा तो होता.

"बाहेरून तपासणी करून आणायला बराच वेळ जाईल. तेवढा पंचांकडे नाही." डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही बघा."

"मी? मी काय पोलीस आहे?"

"तुम्ही रोज माणसांना विचारता, काल काय खाल्लंत? या इमारतीत सगळ्यात जास्त खोटं तुमच्याशी बोललं जातं. तुमचा कान तयार आहे."

हे मात्र खरं. मी फ्रीजरवालीला बसवलं आणि म्हटलं, नमुना आला तो दिवस आठव. काहीही आठव.

तिला सगळं आठवत होतं. "वस्ती भरगच्च होती, एकदम सुदृढ. आणि गंमत म्हणजे अर्धी मंडळी पंचांच्या पहिल्या नमुन्यातलीच. एका टेबलावर जेवणाऱ्यांचं तसं होतं. उरलेली अर्धी परकी."

"म्हणजे दुसरा पेशंट नाही. घरातलाच कुणीतरी."

"मी तेच सांगतेय डॉक्टरांना! शिवाय रंग लालसर होता. मी घाबरून रक्ताची तपासणी केली. रक्त नव्हतं."

"मग बीट."

"बीटच. बाकी सगळं नमुनेदार. घरून नमुना आणायला आपण देतो तो बर्फाचा डबा चिकटपट्टीनं घट्ट बांधलेला, आतला बर्फ जसाच्या तसा. आणि नमुना इतका ताजा, की बाटली हातात कोमट लागली. असे पेशंट मिळायला नशीब लागतं."

मी हसले आणि ते वाक्य तसंच जाऊ दिलं. कान तयार असूनही कधी कधी असं होतं.

३

काकू वॉर्डाच्या छोट्या स्वयंपाकघरात उकडलेला बटाटा कुस्करत होत्या. शिवणकामाचा क्लास चालवणाऱ्या बाई. काटासुद्धा टाका घातल्यासारखा नेमका पडत होता.

"काकू, घरी बीट कुणाला आवडतं?"

काटा थांबला. "आमच्या घरात बीट? पाऊल ठेवायची हिंमत नाही त्याची. यांना रंगच सोसत नाही. म्हणतात, ताटात कुणाचा तरी दात पडल्यासारखं दिसतं."

"आणि तुम्हाला?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. "मैत्रिणीकडे खाते. किसून, लिंबू पिळून. लग्नाला इतकी वर्षं झाली, यांना पत्ता नाही. तुम्ही सांगणार नाही ना?"

मी मनात टाळी वाजवली. इतकं सोपं?

"त्यांचा नमुना दिला, त्या आठवड्यातही खाल्लं होतंत?"

"त्या आठवड्यात? छे हो! दाढेनं जीव घेतला होता. सूज उतरावी म्हणून डेंटिस्टनं अँटिबायोटिक दिलेलं. पोट असं बिघडलं माझं, की यांच्याआधी मलाच ॲडमिट करायची वेळ."

माझा आनंद तिथेच बसला. अँटिबायोटिक चालू असलेल्या माणसाच्या पोटात भरगच्च वस्ती कुठून येणार? ती तर विरळ झालेली असते. काकू सुटल्या.

"डबा इस्पितळात कुणी आणला?"

"लेकीनं. यांनीच सांगितलं होतं, तूच ने म्हणून. जावयाच्या हातात द्यायला तयार नव्हते."

"का बरं?"

काकूंनी उसासा टाकला, पण डोळे हसत होते. "जावई आधी खेळायचा. अकरा नंबर. एका फायनलला बॉल गोलात जात होता, हा रेषेवर उभा, यानं हातानं अडवला. यांनी लाल कार्ड दाखवून बाहेर काढला. टीम हरली. हा अजून म्हणतो, हात लागलाच नव्हता, छातीला लागला. पुढे पोरीनं त्याच्याशीच लग्न केलं, आता बोला! एका घरात राहतात, पण सगळा कारभार मध्यस्थामार्फत. 'त्यांना विचार, पंखा बंद करू का.' 'अकरा नंबरला सांग, राहू दे.' मी आणि लेक म्हणजे त्या दोघांचं टपाल खातं."

काकूंनी बशी उचलली, आणि जाता जाता म्हणाल्या, "पण डब्याचं काय? काही चुकलं का? यांचं औषध आहे ना त्यात?"

मी म्हटलं, आधी लेकीला भेटते.

४

लेक पोहायला शिकवते. तलाव शहराच्या दुसऱ्या टोकाला. मी पोचले तेव्हा ती काठावर उभी राहून पाण्यातल्या एका आजोबांना दटावत होती. "पाय मारा काका, पाय! पाणी काही खात नाही तुम्हाला!"

तिनं मला पाहिलं आणि हातातला टॉवेल उगाचच पिळला. कोरडा टॉवेल.

"डबा ना? मीच नेला. नमुने घेतात त्या खिडकीत दिला आणि आले."

"बीट खाता का तुम्ही?"

"बीट? नाही. मी बाबांची लेक आहे. मलाही तो रंग बघवत नाही."

"डबा कशानं बांधला होता?"

"बांधायचा कशाला? त्याला खटका आहे. नुसता टक्कन लावला." तिनं बोटांनी करून दाखवलं.

पाण्यातले आजोबा पाय मारत होते, लाटा काठाला येऊन गुदगुल्या केल्यासारख्या फुटत होत्या. इस्पितळात पोचला तो डबा चिकटपट्टीनं बांधलेला होता. म्हणजे वाटेत कुठेतरी खटका तुटला, आणि हिला ते ठाऊक नाही. म्हणजे डबा ही घेऊन आलीच नव्हती.

आणि मग फ्रीजरवालीचं ते वाक्य, मी हसून सोडून दिलेलं, पाण्याखालून वर यावं तसं वर आलं.

डबा थंड. बर्फ शाबूत. बाटली कोमट.

सकाळी घरी भरलेली बाटली बर्फात बसून शहर ओलांडून आली, तर ती गार हवी. कोमट बाटली घरून आलेलीच नव्हती. ती इस्पितळातच, खिडकीपासून हाकेच्या अंतरावर, नुकतीच भरलेली होती. आणि ती भरू शकणारा माणूस एकच, डबा घेऊन आलेला.

"ताई," मी म्हटलं, "डबा कुणाकडे दिलात?"

तिनं टॉवेलात तोंड लपवलं. "बाबांना सांगू नका. सकाळचा क्लास होता. कोपऱ्यावर गेले आणि... त्याच्याकडे दिला."

५

मैदानावर मुलींचा सराव चालला होता. जावई रेषेबाहेर उभा राहून ओरडत होता. "बघून पास दे गं! बॉलला डोळे नाहीत, तुला आहेत!" उंच माणूस, पोटरीवर रुंद तपकिरी चिकटपट्टी गुंडाळलेली. खेळाडू घोट्याला लावतात तसली. पट्टीचं रीळ बाकावर होतं. शेजारी पारदर्शक बाटली, आणि तिच्यात गडद लाल रस.

मी बाकावर बसले. "दमाला चांगला म्हणतात ना, बीटचा रस?"

"एकदम. रोज घेतो. घरी नेता येत नाही फक्त, घरी आमचे..." तो थांबला. माझ्या गळ्यातलं इस्पितळाचं ओळखपत्र त्याला दिसलं. मग माझी नजर कुठे आहे तेही. पट्टीच्या रिळावर.

तो खाली बसला. मोठं झाड हळूच वाकावं तसा.

"कुत्रं आडवं आलं," तो म्हणाला. "वळणावर. बाइक घसरली, डबा उडाला. खटका तुटला, बाटलीला तडा. सगळं रस्त्यावर. बर्फाच्या पिशव्या गोळा केल्या, डबा पुसला, पट्टी मारली. माझा गुडघा फुटलाय तेही नंतर कळलं."

"मग सांगायचं ना."

"कुणाला? त्यांना?" तो हसला, पण ते हसू ओठांवरच राहिलं. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचं काहीतरी माझ्या हातात आलं होतं. आणि ते मी रस्त्यावर सांडलं. शिवाय नमुना द्यायचा शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी औषधं सुरू. मला वाटलं, तुमच्या यादीतून त्यांचं नाव कटलं तर माझ्यामुळे कटेल. डब्यात एक जादा बाटली होती. मी इस्पितळाच्या संडासात गेलो. पेनल्टी मारतानाही कधी एवढं टेन्शन आलं नव्हतं."

"पण ती त्यांना..."

"मला वाटलं, नुसती तपासणी असेल! तपासतील, फेकून देतील. ते परत त्यांच्याच पोटात सोडणार, हे मला स्वप्नात तरी सुचेल का? मला परवा बायकोनं समजावलं. तेव्हापासून झोप नाही."

मैदानावर कुणीतरी गोल केला आणि मुली किंचाळल्या. त्यानं वर पाहिलं नाही.

मला एकाच वेळी हलकं आणि जड वाटत होतं. फ्रीजरवाली निर्दोष होती. बाकीच्या सगळ्या पेशंटांच्या नळ्या आज मोकळ्या होतील. पण पंचांची स्वतःची नळी जगात कुठेच नव्हती. ती एका वळणावर मातीत मिसळून गेली होती.

"पंचांना डॉक्टर सांगतील," मी म्हटलं.

तो उठला. पट्टी सोडली, गुंडाळली, खिशात घातली.

"नाही. मीच सांगतो."

६

पंच उशीला टेकून बसले होते. काकू एका बाजूला, लेक दुसऱ्या. जावई पायथ्याशी उभा राहिला आणि यावेळी टपाल खातं बंद होतं. त्यानं थेट सांगितलं. वळण, कुत्रं, बाटली, संडास. मध्ये काहीही गाळलं नाही.

पंचांचा हात उशीखाली गेला. काकूंनी डोळे मिटले.

हात तसाच राहिला. "म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "फ्रीजरमध्ये माझ्या नावानं हा बसलाय?"

लेकीच्या नाकातून हसू फुटलं. मग काकू. मग दाराशी उभी फ्रीजरवाली, जिला मी कधी हसताना पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी घसा साफ केला. "ती नळी नियमानं टाकून द्यावी लागेल. दात्याच्या ज्या तपासण्या लागतात, त्या जावयांच्या झालेल्या नाहीत. पण आमच्या अभ्यासात दुसरा गट आहे. त्यात नात्यातल्या निरोगी माणसाचं चालतं. रक्त, विष्ठा, सगळं तपासायचं. निर्मळ निघालं, तर नवा नमुना घ्यायचा. गुण येईलच अशी हमी मी देत नाही. सगळ्यांना येत नाही. आणि तुमचा होकार लागेल."

"दाता कोण असावा?"

"घरात सध्या सगळ्यात भक्कम पोट कुणाचं आहे ते आम्हाला कळलंय," मी म्हटलं. "फक्त एक अडचण आहे. तो बीट खातो."

पंचांनी जावयाकडे पाहिलं. खूप वेळ. मग काकूंकडे वळून म्हणाले, "अकरा नंबरला सांग, बदली खेळाडू म्हणून घेतोय. पण बीट बंद."

"चालेल, सांगा त्यांना," जावई म्हणाला.

"सांगा काय? आहेत की दोघंही इथंच!" काकू कडाडल्या.

७

तपासण्या निर्मळ निघाल्या, आणि अकरा नंबरचे पाहुणे पंचांच्या पोटात राहायला गेले. पुढचं काम हळूहळू झालं. आधी शिट्टी कमी वाजू लागली. मग एका सकाळी नर्स म्हणाली, आज वाजलीच नाही. गालांवर थोडं मांस धरलं. उजाड घरात कुणीतरी येऊन खिडक्या उघडाव्यात, झाडू मारावा, चूल पेटवावी, तसं काहीसं आत चाललं असणार. मला आईसारखा कान लावून ऐकावंसं वाटलं, पण वॉर्डात ते बरं दिसलं नसतं.

पंच घरी गेल्यावर त्यांनी मला जेवायला बोलावलं. साधंच जेवण. मऊ बटाटा, गाजराचं सूप, दही, टोस्ट. टेबल लहान होतं, कोपराला कोपर लागत होतं. पंच सावकाश खात होते आणि बाकी सगळे त्यांच्याकडे बघत नसल्याचं सोंग करत होते. सूप संपलं. बटाटा संपला. खुर्ची मागे सरकली नाही.

पंचांनी वाटी चाटूनपुसून खाली ठेवली आणि घड्याळाकडे पाहिलं. "पूर्ण वेळ," ते म्हणाले.

काकूंनी पदरानं चष्मा पुसला.

"अकरा नंबर." टपाल खात्याला वगळून ते थेट म्हणाले. "ते लाल कार्ड बरोबर होतं. आजही तेच दाखवीन."

जावयाचा चमचा थांबला. लेकीनं टेबलाखालून कुणाला तरी लाथ मारली. ती मला लागली.

"पण त्या संध्याकाळी घरी आलो, बूटही काढले नव्हते, आणि या पोरीला म्हटलं, आज एक पोरगा बघितला. त्याच्या पायात बॉल आला की मैदान गप्प होतं. इतक्या वर्षांत असा खेळ मी बघितला नाही. आणि मीच त्याला बाहेर काढून आलो. मला त्या रात्री जेवण गेलं नाही."

जावयानं बायकोकडे पाहिलं.

"म्हणून तर पुढच्या मॅचला आले मी," ती म्हणाली. "कोण आहे बघायला. सांगायचं नाही म्हणून बाबांनी शपथ घातली होती."

सुपाच्या भांड्यावरचं झाकण वाफेनं हळूच हललं. जावयानं चमचा ठेवला, दोन्ही तळवे टेबलावर पालथे घातले आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत राहिला. या घरात येऊन इतकी वर्षं झाली, पण त्यानं सासऱ्यांना कधी कशानंही हाक मारली नव्हती.

"बाबा," तो म्हणाला.

पंचांनी मान वर केली.

"हात लागला होता."